मंदीत जेट कोण घेतं?

पैशाच्या गोष्टी निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो. "मंदी आली की आम्ही हॉटेलात जाणं बंद करतो, नवा सोफा पुढच्या दिवाळीवर ढकलतो. मग ज्यांच्याकडे स्वतःचं विमान आहे ती माणसं काय करतात? विमान विकतात? आणि विकतात तर घेतं कोण?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडं कुतूहल असतं आणि थोडं समाधानही. म्हणजे त्यांनाही झळ लागते तर!

लागते, आणि चांगलीच लागते. २००८ साली जगभरात तेराशेहून अधिक बिझनेस जेट कारखान्यांतून निघून गिऱ्हाइकांच्या हाती गेली. पुढच्या वर्षी हा आकडा ८७०च्या आसपास आला, त्याच्या पुढच्या वर्षी ७६०च्या आसपास, आणि २०१२ साली ६७२वर. चार वर्षांत धंदा निम्म्यावर. कांद्याचा भाव आठवड्यात निम्मा झाला तर आपल्याला नवल वाटत नाही. पण हा माल वीस-तीस लाख डॉलरपासून साडेसहा कोटी डॉलरपर्यंतचा, आणि तो घेणारी माणसं आपल्या लेखी मंदीच्या पलीकडची.

हा बाजार कसा पडला, कशाच्या आधाराने उठला आणि 'सावरला' हा शब्द त्याच्या बाबतीत किती जपून वापरायचा, हे या प्रकरणात पाहू.

१. हे विमान लागतं कशाला?

खासगी विमान म्हटलं की डोळ्यांसमोर येतात नट, क्रिकेटपटू आणि निवडणुकीत दिवसाला तीन सभा करणारे पुढारी. धंद्याच्या दृष्टीने ही गिऱ्हाइकं थोडी. बिझनेस जेट म्हणजे साधारण चार ते एकोणीस माणसांना नेणारं, तिकीट न विकता चालणारं जेट विमान. त्याची मालक बहुधा एखादी कंपनी असते, एखादा उद्योजक असतो किंवा विमानं भाड्याने देणारा व्यावसायिक असतो.

या बाजाराचं माहेर अमेरिका, आणि त्याचं कारण तिथल्या नकाशात आहे. अमेरिकेत नियमित प्रवासी विमानं जेमतेम पाचशे विमानतळांवर उतरतात. लहान विमान उतरू शकेल असे सार्वजनिक विमानतळ मात्र पाच हजारांच्या घरात आहेत. म्हणजे दहातल्या नऊ गावांना एसटी जात नाही, रस्ता मात्र पोचलेला आहे. अशा मुलखात ज्याच्याकडे स्वतःची जीप, तो एका दिवसात तीन गावं उरकून रात्री घरी जेवायला येतो. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन तर स्वतः लहान विमान चालवत आणि गाव कुठल्या अंगाने वाढतंय हे वरून पाहून दुकानाची जागा हेरत.

वेळ वाचतो हे खरं. पण एकदा विमान घेतल्यावर त्यात चामड्याचे सोफे आणि खास लाकडी कपाटं कशासाठी, याचं उत्तर वेळेच्या हिशोबात सापडत नाही. गरज आणि मिजास यांची इथे अशी गुंतवळ आहे की कुठला धागा कुणाचा हे मालकालाही सांगता येणार नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

आणखी एक नाव लक्षात ठेवा: विचिटा. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं हे शहर स्वतःला जगाची हवाई राजधानी म्हणवतं. इचलकरंजीत जसे माग, तसे इथे विमानांचे कारखाने. सेसना, बीचक्राफ्ट, लिअरजेट ही तिन्ही घराणी इथलीच.

२. पेणचा मूर्तिकार

बाजार समजून घ्यायचा तर आधी नोंदणीवही समजली पाहिजे.

पेणच्या मूर्तिकाराकडे मूर्तींची नोंदणी भाद्रपदाच्या कितीतरी आधी सुरू होते. समजा त्याच्या वहीत ३०० मूर्तींची नोंद आहे आणि तो महिन्याला १०० मूर्ती पुऱ्या करतो. म्हणजे हाताशी तीन महिन्यांचं काम आहे. आता एक वाईट महिना आला. नवी नोंदणी झाली फक्त २०, आणि ५० जणांनी आधीची नोंदणी रद्द केली. तरी त्या महिन्यात मूर्तिकार १०० मूर्ती पाठवतोच, कारण त्या आधीच्या नोंदणीतल्या आहेत. रंगाचा वास, टेम्पोंची ये-जा, कारागिरांची लगबग, सगळं तसंच. गल्लीतून जाणारा म्हणेल, धंदा जोरात आहे. वहीत मात्र ३०० मधून १०० गेल्या, ५० रद्द झाल्या, २० आल्या. उरल्या १७०.

विमानाच्या कारखान्यात ही वही महिन्यांची नसते, वर्षांची असते. त्यामुळे एखाद्या वर्षी किती विमानं कारखान्याबाहेर पडली यावरून त्या वर्षीचा बाजार कळत नाही. कळतो तो दोन-तीन वर्षांपूर्वीचा. आकाशातल्या ताऱ्याचा उजेड दिसावा आणि तारा आज कसा आहे ते कळू नये, तसं.

याचं मला सापडलेलं सर्वांत बोलकं उदाहरण फ्रान्सच्या दसाँ कंपनीचं आहे. राफेल बनवणारी हीच कंपनी 'फाल्कन' नावाची बिझनेस जेटही बनवते. २००९ साली तिने ७७ फाल्कन गिऱ्हाइकांना दिली, आदल्या वर्षीपेक्षा जास्तच. त्याच वर्षी तिच्या वहीतली निव्वळ नवी नोंदणी होती उणे १६३. उणे! आलेल्या नोंदण्यांपेक्षा रद्द झालेल्या १६३ने जास्त. आणि २०१० साली, जगभर धंदा खड्ड्यात असताना, दसाँने ९५ फाल्कन दिली. तिच्या इतिहासातला तोवरचा हा उच्चांक. त्या वर्षी बोर्दोजवळच्या कारखान्याच्या दाराशी उभं राहून कोणी विमानं मोजली असती तर त्याने मंदी ही अफवा ठरवली असती.

या वहीला २००८च्या आधी आणखी एक रोग जडला होता. काही विमानांसाठी प्रतीक्षा इतकी लांबली की नंबर लावणं हाच धंदा झाला. बांधकाम सुरू व्हायच्या आधी फ्लॅट बुक करायचा आणि ताबा मिळायच्या आत जास्त भावाने दुसऱ्याला द्यायचा, हे आपल्याकडे ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. इसार देऊन विमानाचा नंबर धरायचा आणि घाईत असलेल्याला तो विकायचा. अशा नोंदणीमागे विमान उडवणारा माणूसच नसतो, त्यामुळे वही फुगते.

मग भाव पडला की काय होतं? हिशोब सोपा आहे. समजा विमान १०० कोटींचं आणि इसार १० कोटी. बाजारात तसंच, दोन वर्षं वापरलेलं विमान ७५ कोटींना मिळू लागलं. शहाणा माणूस १० कोटी सोडून देतो आणि ७५ कोटींचं विमान घेतो. तरी १५ कोटी वाचले. नुसताच नंबर धरून बसलेला तर विमान घेतच नाही. कारखानदाराच्या हाती इसार राहतो आणि अर्धवट जोडलेलं विमान.

३. तीन मोटारवाले, तीन विमानं

नोव्हेंबर २००८. जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलर या अमेरिकेच्या तीन मोठ्या मोटार कंपन्या सरकारकडे अडीच हजार कोटी डॉलरची मदत मागायला निघाल्या. डेट्रॉइटहून वॉशिंग्टनला तिघांचे प्रमुख गेले तीन वेगवेगळ्या खासगी विमानांनी. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सुनावणीत एका सदस्याने विचारलं, तुमच्यापैकी कोणी प्रवासी विमानाने आलंय का, हात वर करा. एकही हात वर गेला नाही. परत जाताना विमान विकून टाकायला कोणी तयार आहे का? पुन्हा हात खालीच.

पुढच्या महिन्यात तिघेही पुन्हा वॉशिंग्टनला आले ते आपापल्या कंपनीच्या हायब्रिड मोटारीतून, आठशेहून अधिक किलोमीटर रस्ता तुडवत. जानेवारी २००९ मध्ये सरकारी पैशांवर तगलेल्या सिटीग्रुपने नवं फाल्कन मागवल्याची बातमी फुटली आणि वॉशिंग्टनहून दटावणी येताच त्या बँकेला नोंदणी मागे घ्यावी लागली. कंपनीचं विमान ही आता हिशोबाची बाब राहिली नाही, अब्रूची झाली.

विमान उद्योगातली बरीच मंडळी आजही सांगतात की आमचा बाजार या सुनावणीने बुडवला. मला हे पटत नाही. बाजार लाजेने बुडाला असता तर नजरेत भरणारी मोठी विमानं आधी बुडायला हवी होती. मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांनाच लोक जाब विचारत होते. आडगावच्या एखाद्या यशस्वी बिल्डरने लहानसं जेट घेतलं तर त्याला काँग्रेसपुढे कोण बोलावणार? प्रत्यक्षात झालं उलटंच. मोठी विमानं बऱ्यापैकी तगली, लहान विमानांचा बाजार झोपला. म्हणजे मूळ दुखणं लाजेचं नव्हतं, कर्जाचं होतं. ते दिसतं वापरलेल्या विमानांच्या बाजारात.

४. आवक वाढली

नव्या विमानाचा खरा शत्रू म्हणजे वापरलेलं विमान. मोटारीचंही तसंच, पण मोटार दहा-पंधरा वर्षांत थकते. नीट राखलेलं जेट तीस वर्षंही उडतं. त्यामुळे नवं विमान विकायला निघालेल्या कारखान्याला आपल्याच जुन्या विमानांशी झुंजावं लागतं.

एरवी कुठल्याही वेळी जगातल्या शंभर बिझनेस जेटपैकी दहा-बारा विकायला असतात. २००९च्या मध्यावर हे प्रमाण शंभरात सतरा-अठरापर्यंत गेलं. लासलगावात आवक अशी वाढली तर काय होतं ते सांगायला नको. फरक इतकाच की कांदा सडतो म्हणून शेतकऱ्याला घाई असते, आणि विमान न सडता पैसे खातं. हँगरचं भाडं, विमा, वैमानिकांचे पगार, ठरावीक महिन्यांनी करायच्याच लागणाऱ्या तपासण्या. उडवा किंवा झाकून ठेवा, मीटर चालूच.

त्यात कर्जाचं त्रांगडं. समजा एका उद्योजकाने १०० कोटींचं विमान घेतलं, ८० कोटी बँकेचे आणि २० स्वतःचे. दोन वर्षांत कर्ज ७० कोटींवर आलं. एवढ्यात बाजारभाव ५५ कोटींवर घसरला. विकायचं तर मिळालेले ५५ बँकेला देऊन वर १५ खिशातून भरावे लागतात. ज्याच्या खिशात १५ कोटी आहेत त्याला विकायची घाई नाही, आणि ज्याला घाई आहे त्याच्या खिशात ते नाहीत. काहींनी दात-ओठ खाऊन विमान ठेवलं. काहींनी किल्ल्या बँकेच्या टेबलावर ठेवल्या. बँकेने मग ते मिळेल त्या भावाने फुंकलं, भाव आणखी पडला, आणि शेजारच्या हँगरमधल्या उद्योजकाचं ५५ कोटींचं विमान ५० कोटींचं झालं.

गिऱ्हाईक तरी कुठून यावं? लहान जेटचा ठरलेला गिऱ्हाईक म्हणजे कर्ज काढून विमान घेणारा उद्योजक. आणि २००८च्या शरदात बँका एकमेकींनाच उसने द्यायला तयार नव्हत्या, तिथे त्याला विमानासाठी कोण देणार?

उभ्या विमानाची किंमत कशी वितळते याचं एक उदाहरण मुंबईकरांनी पाहिलंय. त्याचं कारण या मंदीत नाही, पण सांगण्याजोगं आहे. विजय मल्ल्यांचं आलिशान एअरबस ए-३१९ सेवाकराच्या थकबाकीपोटी जप्त होऊन मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं उभं राहिलं. लिलावामागून लिलाव फसले. शेवटी २०१८च्या मध्यावर ते गेलं सुमारे ३४ कोटी ८० लाख रुपयांना. दक्षिण मुंबईत बऱ्यापैकी फ्लॅट घ्यायचा तर एवढ्यावर भागेलच असं नाही.

५. वाटणीची विहीर

गावाकडे चार भावांत एक विहीर असते. प्रत्येकाला पाळी ठरलेली. सोमवारी थोरल्याची मोटर चालणार, मंगळवारी धाकट्याची. विहीर खणायचा खर्च एकट्यावर पडत नाही आणि पाणी सगळ्यांना मिळतं.

नेटजेट्स या अमेरिकी कंपनीने विमानाला हीच पाळी लावली. विमानाचा सोळावा हिस्सा घ्या, वर्षाला ५० तास तुमचे. वैमानिक, देखभाल, हँगर सगळं कंपनी बघणार. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने १९९८ साली साडेबहात्तर कोटी डॉलरना ही कंपनी घेतली. हेच बफे पूर्वी कंपनीच्या विमानांना नावं ठेवत. स्वतः विमान घेतलं तेव्हा थट्टेने त्याचं नाव ठेवलं 'समर्थन न करता येण्याजोगं', आणि पुढे बदलून 'ज्याच्यावाचून चालत नाही असं' केलं. गरज आणि मिजास यांच्या गुंतवळीबद्दल मघाशी म्हणालो ते हेच.

वाटणीच्या विहिरीत एक मेख होती. मुदत संपली की हिस्सेदाराने हिस्सा परत द्यायचा आणि कंपनीने तो चालू बाजारभावाने घ्यायचा. तेजीत हे चालतं, कारण एक जण बाहेर पडतो तेव्हा दारात दुसरा उभा असतो. मंदीत बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली आणि दारात कोणीच नाही. सगळ्या विहिरी कंपनीच्याच गळ्यात आल्या, त्याही अशा वेळी की रोज त्यांची किंमत उतरतेय. २००९ साली नेटजेट्सला करपूर्व ७१ कोटी १० लाख डॉलरचा तोटा झाला. त्यातला मोठा भाग विमानांची उतरलेली किंमत वहीत कबूल केल्याचा. बर्कशायरने घेतली तेव्हा कंपनीवर सुमारे १० कोटी डॉलरचं कर्ज होतं, ते १९० कोटींवर गेलं. बफेंची हमी पाठीशी नसती तर कंपनी बुडालीच असती, हे त्यांनी स्वतः भागधारकांना लिहून कळवलं.

ऑगस्ट २००९मध्ये संस्थापक प्रमुख रिचर्ड सँटुली पायउतार झाले. नवे आलेले डेव्हिड सोकोल यांनी खर्च कापला, माणसं कमी केली, विमानं कमी केली. पुढच्याच वर्षी नफा झाला २० कोटी ७० लाख डॉलर. अनेकांनी याला चमत्कार म्हटलं. त्यात कारभार सुधारल्याचा भाग होताच. पण किमतीची घट एकदा वहीत कबूल केली की पुढच्या वर्षी तीच पुन्हा कबूल करावी लागत नाही, हाही भाग होता. घरातलं जुनं येणं बुडीत धरल्यावर पुढचा महिना जरा हलका जातो, तसं.

जून २०१२मध्ये नेटजेट्सने बाँबार्डिए आणि सेसना या विमानं बनवणाऱ्या कंपन्यांना मिळून ४२५ विमानांपर्यंतची मागणी दिली, पक्की आणि ऐच्छिक धरून. किंमत ९६० कोटी डॉलर. कारखान्यांत कामगारांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. एवढ्या मोठ्या मागण्यांचा भाव मात्र नेहमी घेणाराच ठरवतो, आणि २०१२ साली तर तो अधिकच ठरवू शकत होता.

६. लहान बुडाली, मोठी तरली

पहिला बळी गेला सर्वांत लहान विमानांचा. एक्लिप्स नावाच्या कंपनीने अगदी छोट्या, स्वस्त जेटचं स्वप्न विकलं होतं. आकाशात टॅक्सी धावतील, आणि त्या टॅक्सी म्हणजे एक्लिप्स. फ्लोरिडात डेजेट नावाची अशी टॅक्सीसेवा सुरूही झाली. ती सप्टेंबर २००८मध्ये बंद पडली. नोव्हेंबरमध्ये एक्लिप्सने दिवाळखोरी जाहीर केली. तोवर २६०च्या आसपास विमानं बनली होती. मंदी आली नसती तरी हे गणित बसलं असतं का, याची मला शंका आहे. स्वस्त विमान स्वस्त राहण्यासाठी हजारोंनी खपावं लागतं, आणि हजारो गिऱ्हाइकं कागदावरच होती.

सेसनाचं मात्र तसं नव्हतं. मुरलेली कंपनी, मुरलेली विमानं. २००८ साली तिने ४६७ जेट दिली, २००९ साली २८९ आणि २०१० साली १७९. विचिटातले हजारो कामगार घरी बसले. 'कोलंबस' नावाचं मोठं जेट बनवून वरच्या पंगतीत बसायचा तिचा बेत होता, तो जुलै २००९मध्ये गुंडाळला.

शेजारच्या हॉकर बीचक्राफ्टची कथा आणखी दारुण. २००७ साली, ऐन तेजीत, गोल्डमन सॅक्स आणि कॅनडाच्या ओनेक्सने ती ३३० कोटी डॉलरना घेतली, तीही मोठ्या कर्जावर, आणि ते कर्ज ठेवलं कंपनीच्याच डोक्यावर. मालक सासुरवाशिणीच्या नावावर कर्ज काढतो आणि तिलाच फेडायला सांगतो, असा हा प्रकार. विक्री निम्मी झाली तरी व्याज निम्मं होत नाही. मे २०१२मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बाहेर आली ती जेट बनवणं कायमचं सोडून, फक्त पंख्याची विमानं ठेवून. २०१४ साली सेसनाच्या मालक टेक्स्ट्रॉनने ती १४० कोटी डॉलरना घेतली. विचिटातले पिढ्यान्‌पिढ्यांचे दोन प्रतिस्पर्धी अशा रीतीने एका छपराखाली आले.

आता मोठ्या विमानांकडे पाहा. गल्फस्ट्रीमने मार्च २००८मध्ये जी-६५० हे साडेसहा कोटी डॉलरच्या घरातलं विमान जाहीर केलं. मुहूर्त याहून वाईट शोधून सापडला नसता. पण पहिलं विमान गिऱ्हाइकाच्या हाती गेलं डिसेंबर २०१२ मध्ये. मंदी आली, कळसाला पोचली, ओसरू लागली, आणि मग विमान आलं. या वर्गाचा गिऱ्हाईक बँकेच्या दारात उभा नव्हता, त्याच्याकडे रोकड होती. शिवाय तो अमेरिकेतलाच असायचा असंही उरलं नव्हतं. चीन, आखात, रशिया, ब्राझील इथून मागणी येत होती. गल्फस्ट्रीमनेही कामगार कपात केली, पण कंपनी हलली नाही.

या वर्गवारीला एक अपवाद सांगायला हवा, नाहीतर गणित फारच सरळ दिसेल. ब्राझीलच्या एम्ब्रेअरला फिनॉम-१०० या लहान जेटचा परवाना डिसेंबर २००८मध्ये मिळाला आणि त्याहून जरा मोठ्या फिनॉम-३००चा डिसेंबर २००९मध्ये. म्हणजे ऐन खड्ड्यात. तरी फिनॉम-३०० पुढे वर्षानुवर्षं आपल्या वर्गात सर्वाधिक खपणारं जेट ठरलं. लहान विमानं खपेनात तेव्हा जुन्या रचनेची विमानं अजिबात खपेनात, आणि नव्या रचनेची हळूहळू खपली.

सरकारचा हातही पाहिला पाहिजे. एका हाताने कान पिरगाळणारं सरकार दुसऱ्या हाताने पाठ थोपटत होतं. यंत्र, वाहन किंवा विमान झिजतं म्हणून दरवर्षी त्याच्या किमतीचा काही भाग नफ्यातून वजा करू देतात, त्याला घसारा म्हणतात. २००८च्या अमेरिकी कायद्याने पहिल्याच वर्षी निम्मी किंमत वजा करायची मुभा दिली, २००९च्या कायद्याने ती चालू ठेवली, आणि सप्टेंबर २०१० ते डिसेंबर २०११ या काळात ती पूर्ण किमतीवर नेली. समजा कंपनीचा नफा १० कोटी आणि कर ३५ टक्के. १० कोटींचं विमान घेतलं की त्या वर्षी नफा शून्य, साडेतीन कोटींचा कर त्या वर्षी टळला. कर माफ झाला नाही, पुढे ढकलला गेला, कारण पुढच्या वर्षी वजा करायला घसारा उरत नाही. पण मंदीत हातातली रोकड सोन्याहून पिवळी. ही सवलत विमानासाठी मुद्दाम काढलेली नव्हती, सगळ्या यंत्रसामग्रीसाठी होती. विमानं विकणाऱ्यांनी ती घोषवाक्यासारखी वापरली. माझ्या वाचनात आलेल्या हकिकतींवरून वाटतं की जो विमान घेणारच होता त्याने ती ते डिसेंबरच्या आत घेण्यासाठी वापरली. ज्याला कर्ज मिळत नव्हतं त्याला तिचा उपयोग नव्हता.

मग बाजार सावरला की नाही? दोन आकडे शेजारी ठेवा. २००८ साली, एअरलाइनची आणि लष्कराची वगळून, लहान-मोठी सगळी विमानं मिळून जगभरची विक्री होती सुमारे २,४८० कोटी डॉलरची. २०१४ साली सुमारे २,४५० कोटी. पैशांत पाहिलं तर जवळजवळ भरपाई झाली. पण २०१४ साली गिऱ्हाइकांना मिळालेली बिझनेस जेट होती ७२२, तेराशेच्या तुलनेत निम्म्याहून थोडीच जास्त. थोडी विमानं, पण मोठी आणि महाग. सॅव्हानातला गल्फस्ट्रीमचा माणूस म्हणेल सावरला. विचिटात लहान जेट जोडणाऱ्या कामगाराला हे सांगून बघा.

७. सावरतोय हे ओळखायचं कसं?

पाऊस येणार हे मुंग्यांवरून ओळखणारी माणसं असतात. या बाजारातही खुणा एकापाठोपाठ एक येतात आणि त्यांचा क्रम सहसा चुकत नाही.

आधी उड्डाणं वाढतात. आहे तेच विमान मालक जास्त उडवू लागतो, कारण त्याला कामं मिळू लागलेली असतात. मग विक्रीला काढलेल्या वापरलेल्या विमानांपैकी चांगली, तरुण विमानं उचलली जातात. मग उरलेल्यांचा भाव पडायचा थांबतो. मग 'थोडे पैसे घालून नवंच घेऊ' असं गिऱ्हाइकाला वाटू लागतं आणि कारखान्याच्या वहीत नोंदी वाढतात. सगळ्यांत शेवटी कारखान्याच्या दारातून विमानं बाहेर पडतात. वर्तमानपत्रात छापून येतो तो आकडा बहुधा याच शेवटच्या पायरीचा.

कोविडने या क्रमाची परीक्षा घेतली. एप्रिल २०२०मध्ये खासगी उड्डाणं कोसळली आणि त्या वर्षी बिझनेस जेटची विक्री ८०९वरून ६४४वर आली. पण या वेळी कारखान्यांनी वह्या फुगवलेल्या नव्हत्या, बँका बुडत नव्हत्या, आणि गर्दीच्या विमानात बसायला पैसेवाला माणूस धजत नव्हता. २०२१च्या उन्हाळ्यापर्यंत उड्डाणं महामारीच्या आधीच्याही वर गेली. विकाऊ विमानं आटत आटत २०२२च्या सुरुवातीला शंभरात चारच्याही खाली आली. सेसना-बीचक्राफ्टची मालक असलेल्या टेक्स्ट्रॉनच्या विमान विभागाची शिल्लक नोंदणी २०२० अखेर १६० कोटी डॉलर होती, ती २०२१ अखेर ४१० कोटी आणि २०२२ अखेर ६४० कोटी झाली.

आणि कारखान्यातून किती विमानं निघाली? जगभरात २०२१ साली ७१०, २०२२ साली ७१२. त्या एका वर्षात टेक्स्ट्रॉनची वही दीडपटीहून जास्त फुगली आणि जगभरच्या कारखान्यांच्या दारांतून मात्र दोनच विमानं जास्त आली. सुटे भाग मिळत नव्हते, २००९ नंतर घरी पाठवलेले हातही परत आले नव्हते. पेणचा मूर्तिकार वही भरून बसला होता आणि शाडूची माती येत नव्हती.

या वहीतला एक नंबर आता आपल्या दारात आला आहे. नागपूरच्या मिहानमध्ये दसाँ आणि रिलायन्सचा जोडकारखाना फाल्कन-२०००चे भाग बनवतो. जून २०२५मध्ये त्यांनी जाहीर केलं की अख्खं फाल्कन-२०००च तिथे जोडलं जाईल, आणि फ्रान्सबाहेर फाल्कन जोडण्याची ही पहिलीच वेळ. पहिलं विमान २०२८पर्यंत अपेक्षित आहे. ते ज्या बाजारात उतरेल तो आजचा नसेल. नागपूरच्या कारखान्यात काम मागायला जाणाऱ्या पोराने दाराशी विमानं मोजण्याऐवजी वहीतल्या नोंदी विचाराव्यात.

विचिटाचं शेवटचं एक सांगायचं राहिलं. बिल लिअर यांचं पहिलं लिअरजेट ऑक्टोबर १९६३मध्ये उडालं, आणि इतकं लोकप्रिय झालं की अमेरिकेत 'लिअरजेट' म्हणजेच खासगी विमान, जसं आपल्याकडे डालडा म्हणजे वनस्पती तूप. लहान जेटच्या बाजाराबरोबर तेही उतरणीला लागलं. लिअरजेट-८५ हे नवं विमान २००७च्या तेजीत जाहीर झालं आणि २०१५ साली मोडीत निघालं. मार्च २०२२मध्ये, विकाऊ विमान शोधून सापडत नव्हतं आणि दलाल हातात पैसे घेऊन फिरत होते त्याच महिन्यात, शेवटचं लिअरजेट विचिटातल्या कारखान्यातून गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं.